गुणवंतरावांनी तपासलेली गादी

लढाईच्या त्या हिवाळ्यात, जबलपुरात, एका रविवारी चहा पिता पिता गुणवंतराव वाढोणकरांनी ठरवलं की गादी घ्यायची ती स्वतः तपासूनच. बायकोला त्यांनी विचारलं नाही. (विचारायची पद्धत त्या घरात नव्हती. असती, तर पुढचं काही झालंच नसतं.)

गुणवंतराव तोफगोळ्यांच्या कारखान्यात तपासनीस होते. माल पास की रिजेक्ट, हे त्यांनी सांगायचं. लढाई सरहद्दीवर चालू आहे असं लोकांना वाटायचं. गुणवंतरावांच्या मते ती त्यांच्या टेबलावर चालू होती. घरी आले तरी तपासणी संपत नसे. पोळी उजेडाकडे धरून बघायचे, वरणात चमचा उभा करून बघायचे. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण बायकोला, जयाबाईंना, एखाद्या गोष्टीत पास केल्याचं गुणवंतरावांना काही आठवत नव्हतं.

पावसाळ्यात नळावरून बादली आणताना जयाबाईंच्या कमरेत कळ आली, ती गेलीच नाही. त्या हालचाल करत नाहीत म्हणून दुखतं, असं गुणवंतरावांचं निदान होतं. शेवटी नेपियर टाउनच्या डॉक्टरांनी त्यांनाच समोर बसवून सुनावलं, की त्या गाठी झालेल्या गादीवर बाईंना झोपवाल तर उद्या त्यांना उठवायला माणूस लागेल. डॉक्टर इंग्रजीत बोलले, म्हणून गुणवंतरावांना पटलं.

पैसे जयाबाईंचे, शिवणकामातून साठवलेले. तपासणी गुणवंतरावांची.

सराफ्याच्या मागच्या गल्लीत साहूजींचं गाद्यांचं दुकान होतं. जयाबाईंना एका स्टुलावर बसवून गुणवंतराव कामाला लागले. प्रत्येक गादीत मूठ दाबायची आणि कापूस पुन्हा वर यायला किती वेळ घेतो ते बघायचं. शिवणीतून चिमूटभर कापूस ओढून धागा लांब आहे की गिरणीची झाडलोट भरली आहे ते बघायचं. हुंगायचं. थापट मारून धूळ मोजायची. एकीत सरकी निघाली, तेव्हा त्यांना शत्रूचा हेर पकडल्याचा आनंद झाला. रिजेक्ट. दुसरीचे कोपरे पोकळ. रिजेक्ट. तिसरीची खोळ विरळ. साहूजी आधी हसत होते, मग नुसतेच बघत राहिले. स्टुलाला पाठ नव्हती. जयाबाई एकदा या बाजूला कलत, एकदा त्या.

ते साहूजींच्या लक्षात आलं. म्हणाले, "साहब, सोना किसको है? बहनजी को ना? तो एक बार बहनजी को बिठा के देख लो."

"उसको क्या समझता है," गुणवंतराव म्हणाले, आणि पुढची गादी उलटी केली.

जयाबाईंनी ऐकलं. पदर सारखा केला.

मग गुणवंतरावांनी शेवटची परीक्षा काढली: वजन देऊन बघायची. बूट काढून ते एका गादीवर उताणे झाले आणि डोळे मिटून खालच्या कापसाचा अंदाज घेऊ लागले. आठवडाभर ओव्हरटाइम झाला होता. अंदाज घेता घेता ते घोरायला लागले.

थोड्याच वेळात सायरनची रंगीत तालीम झाली. भोंगा असा वाजला की गल्लीतली शटरं पडली आणि कुत्रीसुद्धा पायऱ्यांखाली शिरली. गुणवंतराव कुशीवरदेखील वळले नाहीत. सगळं शांत झाल्यावर साहूजींनी शटर उघडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवलं, की कारखान्याचे साहेब आहेत, सायरनमध्येही जाग आली नाही, गादी अशी असते. लोक बघून गेले. काहींनी हात लावून बघितला, गादीला आणि साहेबांनाही.

मधल्या वेळात साहूजींच्या म्हाताऱ्या आईने जयाबाईंना आत नेलं, चहा दिला आणि आतल्या खोलीतल्या एका नव्या गादीवर आडवं व्हायला सांगितलं. जयाबाई लाजल्या, मग झाल्या. कमरेखाली कोणी तळहात धरावा तसं त्यांना वाटलं, आणि डोळ्यांतून पाणीच आलं. म्हातारीने कारण विचारलं नाही. गाद्यांच्या घरात तिने बऱ्याच बायका बघितल्या होत्या.

गुणवंतरावांना जाग आली ती साहूजी शटर ओढू लागले तेव्हा. ब्लॅकआउटची वेळ होत आली होती. बहनजी कधीच्या रिक्षाने गेल्या, असं साहूजींनी सांगितलं, आणि गादी घेऊन गेल्या.

तपासल्याशिवाय? गुणवंतराव तणतणत क्वार्टरपर्यंत आले. फाटकातच शेजारचे, कारखान्यातलेच, अंबादास उभे होते. ते दुपारी त्याच गल्लीत होते.

"काहून हो गुणवंतराव," त्यांनी विचारलं, "सायरन वाजून राहिला होता, अन् तुम्ही झोपूनच?"

म्हणजे सकाळी सगळ्या कारखान्याला कळणार होतं. कदाचित आताच कळलं होतं.

आत चूल पेटली नव्हती. खिडक्यांना काळा कागद, कंदिलाची वात बारीक, आणि जमिनीवर नव्या गादीवर जयाबाई डोळे मिटून पडल्या होत्या. गुणवंतराव गुडघ्यांवर बसले आणि कंदील जवळ घेऊन खोट शोधू लागले. मूठ दाबली, कापूस लगेच वर आला. शिवण दाट. कोपरे भरलेले. हुंगलं, नव्या कापसाचाच वास. एक तरी सरकी निघावी म्हणून त्यांनी खोळीवरून कडेकडेने बोटं फिरवली. निघाली नाही. बायकोच्या कपाळावरची आठीही आज दिसत नव्हती, आणि ती नेहमी असते हे त्यांना पहिल्यांदाच कळलं.

"पास आहे," ते शेवटी म्हणाले. आवाज जरा मऊ करून म्हणाले.

"मी विचारलं नाही तुम्हाले," जयाबाई म्हणाल्या. डोळे उघडले नाहीत.

गुणवंतरावांनी शर्ट खुंटीला टांगला, घसा खाकरला आणि आडवं व्हायला वाकले. तेव्हा लक्षात आलं, की जयाबाई जिथे संपत होत्या तिथेच गादीही संपत होती. लांबी, जाडी, टाके, कापूस, सगळं त्यांनी बघितलं होतं. रुंदी राहिली होती.

"अगं, ही तर एकट्याची आहे."

"हो."

"अन् मी?"

"तुम्हाले काय," जयाबाई कुशीवर वळल्या, "तुम्हाले कुठंही झोप लागते."