दशरथभाऊंचं बोलकं हेल्मेट

दशरथभाऊ जेवतानाही हेल्मेट काढत नाहीत. एकदा देवळात चपला काढल्या, हेल्मेट नाही. पुजाऱ्यानं हटकलं तर म्हणाले, "देवाले चालते, तुमाले काऊन त्रास?"

अहेरीकडच्या आमच्या पुलावर ते सळया बांधतात आणि मी सुरक्षा पाहतो. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट, म्हणून ते मला 'कालेजवाले सायेब' म्हणतात. थोडं कौतुकानं, जास्त टोमण्यानं.

आमची हेल्मेटं बोलतात. आत सेन्सर आहे. माणूस कडेजवळ गेला की कानाशी आवाज येतो, माझ्या स्क्रीनवर लाल ठिपका पेटतो. मागे सरकला की आवाज बंद. आधी त्यात शुद्ध हिंदी बोलणारी कोणी बाई होती. तिला कोणी जुमानत नव्हतं. म्हणून मी साइटवर पाणी भरणाऱ्या शेवंताबाईंचा, म्हणजे दशरथभाऊंच्या बायकोचा, आवाज भरून घेतला. नेमका समोर नवरा उभा. सगळ्या मजुरांसाठी बोलायचं विसरून बाई त्याच्यावरच ओरडल्या, "अजी, कडेले काऊन जाता? दिसत नाई का? मांगं सरा!"

तेव्हापासून पुलावरचा प्रत्येक गडी शेवंताबाईंचा 'अजी'. "भाऊ, तुही बायको आज मलेच रागावली," म्हणून गडी चिडवत. भाऊ म्हणत, "मले तं रोजच रागावते. तू बी भोग."

मग शेवंताबाई मिरची तोडायला तेलंगणात गेल्या. तिकडे शेतात फोन लागत नाही. आणि इकडे रोज दुपारी भाऊंचा ठिपका कडेवर पेटू लागला. पेटला की विझायचं नाव नाही. शेवटी मी वर चढलो.

"भाऊ, मरायचं आहे का? असंच चाललं तर तुमचं वरचं काम बंद करावं लागेल मला."

"पट्टा बांधून हाय नं, सायेब."

"मग मागे का सरकत नाही?"

ते नदीकडे पाहत म्हणाले, "सरकलो का बायको चूप होते. तुमी कोणी शेवटपर्यंत आयकलंच नाई. रागावून झाल्यावर थे हासते."

मी त्यांना खाली आणलं. म्हटलं, कडेला जायचं नाही, दुपारी डबा घेऊन इथे यायचं. ऑफिसातल्या स्पीकरवर पूर्ण रेकॉर्डिंग लावलं. शेवटाला खरंच, भरून घेताना माझ्या लक्षात न आलेलं, एक बारीक हसू होतं, पदर तोंडाशी धरल्यासारखं. दारात बसलेल्या भाऊंचा घास हातातच राहिला.

मी तेवढं हसूच पुन्हा लावायला गेलो, तर त्यांनी हात वर केला.

"तसं नोको, सायेब. सुरूपासून लावा. रागावल्याबिगर थे हासत नाई."