आग्रहाचा पेला

वसुंधरा खांबेटेंनी बनवलेल्या नॅनोकॅप्सूल गरम झाल्या की निळ्याच्या गुलाबी होत, पण आग्रह केल्याशिवाय नाही.

चूक प्रयोगशाळेचीच होती. रंगाच्या थेंबाभोवती पॉलिमरचं कवच धरतं ते नेमकं जेवणाच्या सुट्टीत, आणि सांगलीच्या त्या प्रयोगशाळेत सगळे आपापले डबे ढवळायच्या यंत्राशेजारीच उघडत. "घ्या हो, एक पोळी." "नको, खरंच नको." कवच घट्ट होईपर्यंत कॅप्सूल हेच ऐकत राहिल्या. डोळ्यांना न दिसण्याएवढा जीव, पण वळण लागलं ते लागलंच.

या कॅप्सूल बाळाच्या दुधाच्या पेल्याला लावल्या होत्या. दूध पोळण्याइतकं गरम असेल तर पेल्याने गुलाबी व्हायचं. पेला पसंत पडला तर वसुंधराबाईंची हंगामी नोकरी कायम होणार होती, नाहीतर महिनाअखेर घरी.

पेले बनवणाऱ्या कारखान्याचे तपासनीस रेगे आले. त्यांनी पेल्यात कढत दूध ओतलं. पेला निळाच.

"राहू द्या, खरंच नको," पेला म्हणाला.

"असं काय करता? थोडंसं व्हा," वसुंधराबाई म्हणाल्या.

"नको हो."

"माझ्यासाठी."

"बरं, तुम्ही म्हणताय म्हणून." आणि पेला गुलाबी झाला.

रेग्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घरोघरी एवढा आग्रह कोण करत बसणार, बाई?"

"तुमच्या घरी लहान मूल आहे?"

"नातू आहे."

"दूध न सांगता पितो?"

रेग्यांनी पेला पुन्हा भरला आणि घरी असलेल्या नातवाला उद्देशून म्हणाले, "पी रे राजा. एकच घोट. आजोबांसाठी." पेला काठापर्यंत गुलाबी झाला. रेगे पसंती देऊन गेले.

प्रयोगशाळेचे प्रमुख तुळपुळे खूश झाले. त्यांनी पेन काढलं. "खांबेटेबाई, तुम्हाला कायम करतो."

"अहो, नको, कशाला उगाच," बाई सवयीने बोलून गेल्या.

तुळपुळे डबा आपल्या खोलीत एकटेच खात. कुणाला दुसऱ्यांदा विचारायची त्यांना सवयच नव्हती. "बरं," म्हणून त्यांनी पेनाला टोपण लावलं. बाईंचा चेहरा पडला. आता आपण होऊन हो म्हणायचं तरी कसं?

"घ्या हो, बाई," टेबलावरून पेला म्हणाला.

"नको हो."

"असं काय करता? माझ्यासाठी."

"बरं," बाई म्हणाल्या, "तुम्ही म्हणताय म्हणून."

तुळपुळ्यांनी टोपण पुन्हा काढलं.