सासऱ्यांचा अंगठा

माझ्या हिऱ्यापुढे एकही अणू लपून राहू शकत नाही, असं मी आठवडाभर ज्याला त्याला सांगत सुटले होते. सोमवारी अकरा वाजता प्रयोगशाळेचे साहेब स्वतः प्रयोग बघणार आणि मगच माझ्या नोकरीच्या मुदतवाढीवर सही करणार होते. नाही जमलं, तर मी घरी!

हिरा तांदळाच्या कणीएवढा. त्यात मुद्दाम पाडलेली खोट: एका जागी कार्बनचा अणू गायब, शेजारी नायट्रोजनचा घुसवलेला. त्या खोटीवर हिरवा लेझर टाकला की लाल उजेड येतो. हिऱ्यावर ठेवलेल्या पदार्थातले अणू आपल्या इवल्याशा चुंबकत्वाने तो उजेड कमीजास्त करतात, आणि त्यावरून ते कोण आहेत हे कळतं.

माझे सासरे चाळीस वर्षं हिऱ्यांची पारख करून निवृत्त झालेले. सून खोटीच्या हिऱ्यावर पगार घेते, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडत नव्हतं. म्हणून त्याच सकाळी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले. म्हटलं, एकदाचं तोंड बंद होईल.

आम्लात उकळून लख्ख केलेला हिरा काचपट्टीवर ठेवला, बाबांना, म्हणजे सासऱ्यांना, खुर्ची दिली आणि ज्याचे अणू ओळखून दाखवायचे होते त्या प्रोटीनची कुपी आणायला फ्रिजकडे गेले. तीन मिनिटांत परत. आधी कोऱ्या हिऱ्याचं मोजमाप घ्यायचं असतं. पडद्यावर सपाट रेघ यायला हवी होती. आला हायड्रोजनचा भलाथोरला डोंगर, प्रोटीन ठेवल्यावर येतो तसा!

लेझर बंद करून चालू केला, तारा बदलल्या, तंत्रज्ञावर उगाच खेकसले. डोंगर ढिम्म हलेना. तेवढ्यात साहेब दहा मिनिटं आधीच आत आले, पडद्याकडे बघून हरखले आणि म्हणाले, "प्रोटीन मिळालं म्हणायचं?"

प्रोटीनची बंद कुपी माझ्या मुठीत होती. मी 'नाही' म्हणाले. खोटं सांगते, मी होकारार्थी मान हलवली. साहेबांनी पेन काढलं. लाज वाटत होती, पण पेनावरून नजर हटत नव्हती.

"चांगलं दिसतंय ना आता?" बाबा खुर्चीतून म्हणाले. "सूनबाई, तू गेलीस तेव्हा मी त्यावर हाः करून वाफ धरते का बघितलं. वाफ लगेच उडाली, म्हणजे खडा अस्सल आहे. मग अंगठ्याने स्वच्छ पुसून ठेवला."

पेन थांबलं. कान लाल होईपर्यंत मी सगळं कबूल केलं. साहेबांनी कुपी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि बराच वेळ बाबांचा अंगठा न्याहाळला. मग म्हणाले, अंगठ्याच्या तेलकटपणातला एवढासा हायड्रोजन इतका स्वच्छ दिसतोय म्हणजे यंत्र उत्तम चाललंय. तीन महिने देतो. पण पुन्हा न ठेवलेलं प्रोटीन दाखवलंत तर बघा.

आता दर सोमवारी यंत्राच्या चाचणीसाठी बाबा कडक इस्त्रीचा शर्ट घालून, हात न धुता हजर असतात. आल्या-गेल्याला सांगतात की प्रयोगशाळा त्यांच्याशिवाय अडते. मी वाद घालत नाही. नोंदवहीत नमुना म्हणून त्यांचा अंगठा आहे, आणि मदतनीस म्हणून मी.