मेपलला नेसवलेली साडी

झाड निवडणं हे काही अवघड काम नाही, असं मी बायकोला, रुचाला, ठणकावून सांगितलं होतं. ज्या माणसाने बँकांसाठी सर्व्हर निवडले, इथे परदेशात, मिल्टनमध्ये, घर निवडलं, त्याला अंगणातलं पाच फुटी झाड निवडता येणार नाही? "तू फक्त खड्डा कुठे खणायचा ते दाखव," मी म्हणालो.

ही २००८ सालची गोष्ट. आमच्या घरांची वसाहत, म्हणजे इथलं सबडिव्हिजन, इतकं नवंकोरं होतं की सगळी घरं जुळ्या भावंडांसारखी दिसायची. मी स्वतः दोनदा शेजाऱ्याच्या दाराला किल्ली लावून बघितली होती. तेव्हा रुचाचं म्हणणं असं, की दारात एखादं वेगळं झाड असावं. अंगण सतरंजीएवढं, म्हणून झाड छोटं हवं. दिसायला सुंदर हवं. आणि मुख्य म्हणजे जानेवारीत मरायला नको.

सप्टेंबरमध्ये आम्ही नर्सरीत गेलो. बरोबर माझ्या सासूबाई, अरुणाबाई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आलेल्या. नर्सरीतल्या बाईंनी पहिल्याच फटक्यात एक झाड दाखवलं. फांद्या खाली झुकलेल्या, थंडीला एकदम काटक. नाव, वीपिंग क्रॅबअ‍ॅपल.

"काय म्हणाली हो ती?" सासूबाईंनी विचारलं.

मी भाषांतर केलं. थोडं घाईत केलं, हे मान्य आहे.

"रडका खेकडा?" सासूबाई म्हणाल्या. "दारात?"

क्रॅबअ‍ॅपल बाद झालं. लायलॅकचं छोटं झाड होतं, पण ते आमच्या रस्त्यावर चार जणांकडे होतं, म्हणून मी बाद केलं. सर्व्हिसबेरी नावाचं एक होतं, ते मला ऑफिसातल्या एखाद्या डिपार्टमेंटसारखं वाटलं. आणि मग मला जपानी मेपल दिसला. लालभडक, नाजूक, कातरकाम केल्यासारखी पानं. मी तिथेच विरघळलो.

"ह्याला हिवाळ्यात गुंडाळावं लागेल," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडे वारा फार असतो."

"गुंडाळू," मी म्हणालो. "आम्हीसुद्धा गुंडाळूनच राहतो."

ऑक्टोबरभर त्या झाडाने आमची शान वाढवली. सासूबाई रोज सकाळी त्याच्याशेजारी उन्हाला उभ्या राहायच्या. समोरच्या घरातल्या डोरीन नावाच्या ऐंशीच्या आजी खिडकीतून हात हलवायच्या, सासूबाईही हलवायच्या. दोघींना एकमेकींची भाषा फारशी येत नव्हती, त्यामुळे मैत्री उत्तम टिकली.

डिसेंबरात सासूबाई धाकट्या मुलीकडे, कस्तुरीकडे, मॉन्ट्रिअलजवळ ब्रॉसार्डला गेल्या आणि त्याच आठवड्यात थंडी पडली. मी झाडाला गोणपाट गुंडाळलं, आत वाळलेली पानं ठासली. रात्रीतून वाऱ्याने गोणपाट पळवलं. ते कुठे गेलं ते आजतागायत कळलेलं नाही. मी दुसरं आणलं, तेही सुटायला लागलं.

"वरून काहीतरी लांब, घट्ट बांधायला हवं," मी म्हणालो.

"आईची जुनी हिरवी साडी आहे कपाटात," रुचा म्हणाली. "सुती आहे. घे."

साडी कामाला फारच चांगली निघाली. कमरेला दोन वेढे, वर एक आडवा, टोक मागून पुढे खोचलं. शेंड्याला वारा लागू नये म्हणून मी माझी जुनी लोकरी टोपी घातली. मुलगी ऊर्मी खिडकीतून बघत होती. "Dad, that's creepy," ती म्हणाली. मी दुर्लक्ष केलं. बारा वर्षांच्या मुलांना सगळंच तसं वाटतं.

मग दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी, उणे अठरा तापमानात, मी ऑफिसात असताना डोरीनचा फोन आला.

"मिलिंद, शी इज आउटसाइड. सकाळपासून एका जागी उभी आहे."

इथले लोक बोटीला, गाडीला 'शी' म्हणतात. तसंच झाडालाही म्हणत असतील, असं मी समजलो. शिवाय समोर मीटिंग चालू होती.

"हो, माहितीये," मी हळूच म्हणालो. "ती आता मार्चपर्यंत तिथेच राहील."

"मार्च? अरे, ती गारठून मरेल!"

"नाही मरणार. मी तिला दोरीने चांगलं आवळून बांधलंय."

मला वाटलं, म्हातारीला काळजी वाटते आहे, जरा धीर द्यावा. म्हणून म्हणालो, "आणि समजा गेलीच, तर वसंतात आपण दुसरी आणू."

फोन बंद झाला. मी मीटिंगकडे वळलो.

अर्ध्या तासाने पोलिसांचा फोन आला की ताबडतोब घरी या. मी पोचलो तेव्हा दारात पोलिसांची गाडी, अँब्युलन्स आणि आगीचा बंब. इथे मांजर हरवलं तरी बंब येतो, पण माझ्या घरासमोर तो पहिल्यांदाच उभा होता. अँब्युलन्सवाल्यांचं स्ट्रेचर झाडाशेजारी बर्फात रुतलं होतं. एक जण मेपलच्या डोक्यावरची टोपी हातात धरून उभा होता.

मी सगळं समजावून सांगितलं. अँब्युलन्सवाले दोघे हसले. तरुण पोलीस मात्र हसला नाही.

"हे झाड आहे, हे कळलं," तो म्हणाला. "पण ही साडी ज्यांची आहे, त्या कुठे आहेत?"

"मॉन्ट्रिअलजवळ. मेहुणीकडे."

"त्यांच्याशी बोलता येईल?"

मी ब्रॉसार्डला फोन लावून त्याच्या हातात दिला. त्याने सासूबाईंना सावकाश, मोठ्याने विचारलं की तुम्ही सुखरूप आहात ना, आणि तुमची साडी तुमच्या संमतीने झाडाला नेसवली का. सासूबाईंना एवढं इंग्रजी नक्की येत होतं.

"विच सारी?" त्यांचा आवाज मलाही ऐकू आला.

पोलीस चार पावलं मागे झाला, झाड नीट न्याहाळलं आणि अगदी प्रामाणिकपणे म्हणाला, "हिरवी. लाल काठ. खाली छोटे मोर आहेत."

रुचाने कपाटातली चुकीची, ठेवणीतली हिरवी साडी दिली होती, हे मला त्या क्षणी कळलं. पलीकडून जे मराठी सुरू झालं, ते पोलिसाने बराच वेळ आदराने ऐकलं. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला.

"सर," तो म्हणाला, "आय थिंक धिस इज फॉर यू."

डोरीनला मी केक नेऊन दिला, तिने दार साखळी लावूनच उघडलं. सासूबाई महिनाभर फक्त रुचाशी बोलल्या.

साडी गोठून झाडाला चिकटली होती, ती मला एप्रिलमध्येच सोडता आली. आतून एक गुबगुबीत ससा निघाला आणि कसलीही घाई न करता निघून गेला. आतल्या उबेत त्याने अख्खा हिवाळा काढला होता आणि बसल्या बसल्या खोडाची साल चहूबाजूंनी कुरतडून खाल्ली होती. झाड थंडीने मेलं नव्हतं. एवढं मी सर्वांना आवर्जून सांगितलं. कोणी फारसं लक्ष दिलं नाही.

मे महिन्यात रुचा आणि मुक्काम वाढवून राहिलेल्या सासूबाई नवीन झाड आणायला गेल्या. मला ड्रायव्हर म्हणून नेलं. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीत बसून होतो. तेव्हापासून ते झाड दारात छान वाढतंय. कुठलं आहे, असं लोक थांबून विचारतात. मी म्हणतो, थांबा, घरात विचारून सांगतो.