दहा किलोच्या माशाचा दर

कोणत्याही वस्तूची खरी किंमत तिचा कच्चा माल पुरवणाऱ्या दोन माणसांचं बिनसल्याशिवाय समाजाला कळत नाही. मूर्तिजापूरच्या सत्यवतीबाई गळाच्या काठ्या बनवून दीडशे रुपयांना विकत, तेव्हा त्यांच्या काठीला कोणी काठीसुद्धा म्हणत नसे. ‘ते बांबू द्या’ म्हणत.

बांबू परतवाड्याचे रामराव देत, नायलॉनचा दोरा अकोल्याचे श्यामभाऊ. श्यामभाऊ दोरा वजनावर विकायचे. एक दिवस त्यांच्या लक्षात आलं, की हा दोरा दहा किलोचा मासा पेलू शकतो. त्यांनी दर दोऱ्याच्या वजनावरून काढून माशाच्या वजनावर नेला.

“पण इतका मोठा मासा लागते कोठी?” बाईंनी विचारलं.

“नाही लागत, तो माशाचा दोष. दोरा तर तयार हाय ना!”

हा युक्तिवाद रामरावांना इतका पटला, की त्यांनीही बांबूचा दर वाढवला. मासा तोच, वजन तेच, मग बांबूनंच काय पाप केलं? शिवाय दुसऱ्याला जास्त मिळू नये म्हणून दोघांनी दर आठवड्याला एकमेकांपेक्षा दहा रुपये जास्त वाढवले. काठी चारशेवर गेली.

वीज मंडळातून निवृत्त झालेले लाइनमन देवमनभाऊ काठी घ्यायला आले आणि भाव ऐकून स्टुलावर बसले. (बावीस वर्षांत त्यांना लागलेला सर्वांत मोठा मासा सव्वा किलोचा. साक्षीदार नाही.)

“काहून वो बाई? मले मासा पकडायचा हाय, त्याच्यासंगं लगीन नाई लावायचं.”

महिनाभरात तीनच काठ्या खपल्या. बाईंनी दुकानाच्या दाराची एक फळी उघडायचंच बंद केलं. पोरीची कॉलेजची फी तोंडावर होती. त्यांना रडू आलं, मग राग आला, आणि रागातच त्यांनी दोघांना दुकानात बोलावलं.

“तुमचं दोघायचंबी कबूल,” बाई म्हणाल्या. “ज्या दिवशी दहा किलोचा मासा लागन, त्या दिवशी दहा किलोचे पैसे देईन. तवर लागन तेवढ्या माशाचे.”

“अन् काहीच नाई लागलं तं?” रामरावांनी घाबरून विचारलं.

“देवमनभाऊले विचारा. ते रोज जाऊन राहिले.”

भाव उतरायची वाट पाहत स्टुलावर बसलेल्या देवमनभाऊंनी प्रामाणिकपणे नकारार्थी मान हलवली. त्या मान हलवण्यात बावीस वर्षांचा अनुभव होता. चहा निवायच्या आत दोघं जुन्या दरावर आले.

“चला, आता काठी दीडशेले,” देवमनभाऊ खिशात हात घालत म्हणाले.

“चारशे,” बाई म्हणाल्या.

“अवो, भाव उतरले ना!”

“त्यायचे उतरले.”

देवमनभाऊंनी चारशे मोजले आणि ‘चारशेची हाय’ असं भेटेल त्याला सांगत काठी तलवारीसारखी मिरवत नेली. आता सत्यवतीबाईंच्या दुकानात गर्दी असते. स्वस्त होती तोवर न फिरकलेले अमरावतीचे साहेब लोकही मोटारीनं येतात.

अन्यायाविरुद्ध एकटी बाई जिंकली, याचा वाचकांना मनापासून आनंद झालाच असेल. तो आनंद अडीचशे रुपयांचा आहे. काठी घ्यायला याल तेव्हा बाई त्याचे पैसे वेगळे मागणार नाहीत, ते चारशेत आलेच.