दिवे मिटणारी गाडी

घरी बनवलेल्या मोटारीला मिटणारे दिवे चालतात की नाही, याबद्दल परिवहन कार्यालयाचं काहीही मत नव्हतं. ते तयार व्हावं म्हणून एका चष्मेवाल्याला स्वतःची गाडी तिथे घेऊन जावी लागली.

चष्मेवाला तसा सरळमार्गी माणूस. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची आणि दुकानाचं शटर ओढलं की घरामागच्या शेडमध्ये गाडी जोडत बसायचं, हा त्याचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. इंजिन एका ठोकलेल्या गाडीचं, दारं एका व्हॅनची, पुढच्या सीटा म्हणजे दातांच्या डॉक्टरांनी काढून टाकलेल्या खुर्च्या. त्याचा खरा जीव मात्र दिव्यांत होता. एरवी ते बॉनेटच्या आत मिटून पडलेले असत. बटण दाबलं की जुन्या वायपरच्या मोटरवर कुरकुरत वर येत आणि समोर बघू लागत. पहिल्यांदा वर आले तेव्हा त्याने बायकोला उतू जाणारं दूध सोडून बाहेर यायला लावलं होतं.

बायकोने तेव्हा कौतुक केलं होतं. पुढे गाडीपायी वॉशिंग मशीन शेडमधून स्वयंपाकघरात आलं, मग सायकल बेडरूममध्ये आली, आणि कौतुकाला ओहोटी लागली.

"अहो, हे बघा," ती एक दिवस म्हणाली, "महिनाअखेरीला ही गाडी रस्त्यावर आली तर मी नवी साडी नेसून तुमच्या शेजारी बसेन. नाही आली तर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय."

भंगारवाला येऊन बघूनही गेला होता. त्याला दारं पसंत होती. दुसऱ्याच दिवशी चष्मेवाला टोचन लावून गाडी कार्यालयात घेऊन गेला.

तिथे वाहनांच्या दिव्यांची तपासणी भर उन्हात होते. दिवा जागेवर आहे की नाही एवढंच पाहतात. लागतो की नाही हा प्रश्न काढून कुणी कुणाचा खोळंबा करत नाही. रांगेत पुढे असलेल्या ट्रकच्या एका दिव्याच्या जागी स्टीलच्या डब्याचं झाकण बसवलेलं होतं. तपासनिसाने ते बोटाने वाजवून पाहिलं आणि ट्रक पास केला.

चष्मेवाल्याने दिवे आधीच वर करून ठेवले होते. तपासनिसाने टेप लावली, मान हलवली आणि शिक्का उचलला. इथे गप्प बसला असता तर तो आज सुखात असता. पण स्वतःच्या हाताने काही बनवलेला माणूस गप्प बसल्याचं कुणी पाहिलंय?

"साहेब, एक गंमत दाखवू?" तो म्हणाला आणि बटण दाबलं.

शिक्का हवेतच थांबला.

"दिवे कुठे गेले?" तपासनिसाने विचारलं.

"आत गेले, साहेब. मिटले."

"म्हणजे गाडीला दिवे नाहीत."

"आहेत की! आत आहेत."

"मला दिसत नाहीत. तपासणीच्या वेळी जे दिसत नाही, ते गाडीला नाही."

चष्मेवाल्याने घाईघाईने बटण दाबलं. "हे बघा, आले वर."

"तीच तर अडचण आहे. बॉनेटच्या वर आलेला भाग म्हणजे अडथळा. एखाद्या पादचाऱ्याला लागला तर?"

"अहो, पण मघाशी पास करत होतात ना?"

"मघाशी ते वर आलेले नव्हते," तपासनीस शांतपणे म्हणाला. "मघाशी ते नुसते होते."

रांगेतला मागचा माणूस हळहळला. "काय हो, दाखवायला कशाला गेलात?"

प्रकरण मोठ्या साहेबांकडे गेलं. मोठ्या साहेबांनी नियमांचं पुस्तक चाळलं. घरी बनवलेल्या वाहनांचं एक प्रकरण त्यात होतं, पण मिटणाऱ्या दिव्यांबद्दल अवाक्षर नव्हतं.

"म्हणजे मनाई नाही," चष्मेवाला खुलला.

"परवानगीही नाही. आणि परवानगी नाही त्या गोष्टीला आम्ही परवानगी देत नाही. दिवे वर करून वेल्डिंग करून आणा."

काळजावर दगड ठेवून त्याने वेल्डिंग करून घेतलं. घरी येऊन तो जेवला नाही. पुन्हा कार्यालयात गेला तेव्हा तपासनिसाने गाडीभोवती प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "मिटणाऱ्या दिव्यांची गाडी कुठाय?"

"हीच ती."

"हिचे दिवे कुठे मिटतात? ही दुसरी गाडी आहे. पहिली चोरीला गेली असेल तर आधी पोलिसांत जा."

वेल्डिंग तोडावं लागलं. मग समिती बसली. समितीने चहा घेतला, गाडीच्या खुर्च्यांत आळीपाळीने आडवं होऊन पाहिलं आणि निर्णय दिला: दिवा दिसला पाहिजे, हलता कामा नये, वर येता कामा नये आणि आत जाता कामा नये.

महिना संपत आला होता. चष्मेवाल्याने हे सगळं घरी सांगितलं तेव्हा बायको भाजी चिरत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "मग रंगवून टाका."

ती वैतागून म्हणाली होती, पण बुडत्या नवऱ्याला विनोद कुठून कळणार? त्याने दुकानाच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला गाठलं. पेंटरने बॉनेटवर दोन गोल दिवे असे काही काढले की त्यांतून किरणसुद्धा निघत होते. खरे दिवे आत मिटवून गाडी पुन्हा कार्यालयात गेली.

तपासनिसाने टेप लावली. उंची बरोबर, अंतर बरोबर. हाताने हलवून पाहिलं, हलेनात. "बघा," तो समाधानाने म्हणाला, "हेच आधी केलं असतंत तर?"

"साहेब, पण उजेड?"

"उजेड बघायला अंधार लागतो. कार्यालय पाचला बंद होतं."

शिक्का पडला. भंगारवाल्याला निरोप गेला. बायको खरोखरच नवी साडी नेसली आणि दातांच्या खुर्चीत ऐटीत बसली. दोघं गावाबाहेर पार तलावापर्यंत जाऊन आली. परतताना दिवेलागण झाली तसं चष्मेवाल्याने बटण दाबलं. खरे दिवे कुरकुरत वर आले आणि रस्ता उजळला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्याच चौकात शिट्टी वाजली. हवालदाराने कागद पाहिले. "मंजूर दिवे दोन. हे तर चार आहेत."

"अहो, ते दोन रंगवलेले आहेत!"

"पण मंजूर तेच आहेत ना? वरचे जादा आहेत. बंद करा."

"मग दिसणार कसं?"

"ते कागदावर लिहिलेलं नाही," हवालदार म्हणाला.

बायकोने पर्समधला मोबाइल काढला, त्याचा टॉर्च लावला आणि खिडकीतून हात बाहेर धरला. प्रवाशाने हातात काय धरावं, याबद्दल नियमात काही नव्हतं. गाडी माणसाच्या चालीने निघाली. "डावीकडे घ्या हो. खड्डा! अहो, खड्डा म्हणतेय ना!" इतकी वर्षं शेडमध्ये हरवलेला नवरा तिला शेजारी मिळाला होता, आणि चष्मेवालाही सुखात होता.

एवढ्यात समोरून तुम्ही आलात. दिवे फुल्ल, थेट त्यांच्या तोंडावर. गाडी रस्त्याच्या कडेला उतरली, बायकोच्या हातातला मोबाइल नाल्यात गेला. तुम्ही काच खाली केलीत आणि ओरडलात, "असल्या गाड्या पास कोण करतं?"

प्रश्न अगदी रास्त होता. तुमचीही गाडी त्याच आठवड्यात पास झाली. एजंटाने कागद घरपोच आणून दिला, आणि गाडी दिवसभर तुमच्या घराखालीच उभी होती.