सोनगडचा भाऊ

"दत्तारामशेट, आपला ‘सोनगडचा कैदखाना’ परत आलाय! आणि आता चक्क बोलतोय!" शाळेतले यज्ञेश्वर मास्तर दुकानाच्या पायरीवरूनच ओरडले आणि दत्तारामच्या हातातलं माप तूरडाळीच्या पोत्यात तसंच राहिलं.

मास्तरांना वाटलं, शेटना आनंद झाला. झालाही होता. पण त्याच्या पाठोपाठ भीतीही वाटली होती.

सात-आठ वर्षांपूर्वी सिनेमा मुका होता, तेव्हा महाडच्या मैदानात तंबू पडायचा. चित्रं पडद्यावर पळायची आणि पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगायची ती दत्तारामनं. गोणपाटावर दाटीवाटीनं बसलेली माणसं, कोपऱ्यात पेटी-तबला, रॉकेलचा आणि भाजक्या शेंगांचा वास, आणि त्या सगळ्यावरून घुमणारा दत्तारामचा खडा आवाज! घोडे दौडले की तो टाचा आपटी, राजा गरजला की पोरं आयांना बिलगत. पुढे चित्रं आपली आपणच बोलू लागली. सांगणाऱ्याची गरज सरली आणि तो आवाज "तांदूळ जुना देऊ की नवा?" एवढं विचारण्यापुरता उरला.

त्या सगळ्या चित्रांत ‘सोनगडचा कैदखाना’ म्हणजे कळस. सासऱ्यानं किल्ल्यात कोंडलेली सून, नवरा दूर लढाईवर, आणि डोंगर ओलांडून तिला न्यायला आलेला तिचा भाऊ. आंबेनळीच्या वाड्यांतून, पार कुडपणाहून बाया तो बघायला उतरल्या. बघून गेलेल्या पुन्हा आल्या. "भाव असावा त सोनगडासारका," असं पोलादपूरच्या बाजारात म्हणायची रीतच पडून गेली.

गोम एवढीच होती, की मूळ चित्रात भाऊ नव्हताच.

पहिल्या दिवशी पडद्यावरच्या पाट्या निघाल्या गुजरातीत आणि इंग्रजीत. दत्तारामलाच काय, तंबूतल्या कुणालाही त्या वाचता येईनात. तेवढ्यात घोड्यावरचा देखणा गडी खिडकीतून आत चढला, त्या पोरीचे दोन्ही हात धरून तिच्याकडे टक लावून बघत राहिला, आणि पुढे बसलेल्या म्हाताऱ्यांनी खाकरायला सुरुवात केली. सगळ्यांच्या लेकीसुना मागे बसलेल्या. घाबऱ्याघुबऱ्या दत्तारामच्या तोंडून निघून गेलं, "आणि भाऊ आला हो!" बायांनी डोळ्यांना पदर लावले. सुटलेला शब्द काही परत घेता येईना. मग सासरा, लढाईवरचा नवरा, असं भावाला शोभेल ते बाकीचं सगळं त्यानं रचलं. शेवटचं रीळ जळालेलं होतं, ही देवाचीच कृपा. दत्तारामनं सुनेला माहेरी पोचवलं आणि भाऊबीज करून टाकली.

"मी काही येत नाही, मास्तर. दुकान आहे."

"वा! मूळ चित्र तुमच्या तोंडचं. नवं त्याच्या पासंगाला तरी पुरतं का, हे तुम्हीच नको का सांगायला?"

मास्तरांनी त्याला हाताला धरूनच नेलं. तंबूत कुडपणाचा कोंडाजी बायकोला, ठमाबाईला, घेऊन आलेला. कोंडाजी मुंबईला गिरणीत राहून आलेला, त्यामुळे हिंदी आपल्याला कळते असा त्याचा बाणा.

चित्र सुरू झालं. कर्ण्यातून आवाज आला तेव्हा आधी सगळे दचकले, मग खूश झाले. सासरा गरजला, ते झकास जमलं. घोडा आला. भाऊ खिडकीतून चढला. त्यानं बहिणीचे हात धरले आणि गळा काढून गायला लागला, "ओ मेरी प्यारी..."

कोंडाजी ताडकन उभा राहिला.

"ए! परत म्हन! प्यारी? आपल्या भयनीला?"

"काय म्हनतोय तो?" मागून कुणीतरी विचारलं.

"अरे, लाडीगोडी लावतोय! सख्खा भाव हाय ना तो तिचा? थू तुझ्या जिनगानीवर!"

अर्थ मागच्या रांगेपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पुरुष उभे राहिले. गोणपाटं उडाली. एक नारळ पडद्याच्या काठीवर आपटला. ठमाबाई तेवढी तोंडाला पदर लावून खाली मान घालून बसली होती. तिचे खांदे हलत होते. बिचारीला रडू आवरत नाही, असं दत्तारामला वाटलं.

तंबूचा मॅनेजर धावत आला. "अरे भाई, कहानी वही है! पुरानीवालीच!"

"खोटं!" मास्तर कडाडले. "मूळ मी स्वतः पाहिलंय. बोलपटाच्या हव्यासापायी तुम्ही बहीणभावाचं पवित्र नातं बाटवलंत! दत्तारामशेट, सांगा यांना मूळ गोष्ट काय होती ती!"

सगळा तंबू दत्तारामकडे वळला. त्यानं घसा खाकरला. खरं सांगावं, तर माणसं नारळाचा नेम बदलणार.

"भाऊच होता," तो पुटपुटला.

"झालं तर मग!" मास्तर म्हणाले. "आवाज बंद करा! दत्तारामशेट, तुम्हीच सांगा!"

मॅनेजरनं जीव मुठीत धरून कर्णा बंद केला. दत्ताराम पडद्याशेजारी जाऊन उभा राहिला. पहिली दोन वाक्यं चिरकली. मग आवाज लागला, टाचा आपोआप उचलल्या गेल्या, आणि मधली वर्षं जणू गेलीच नाहीत. पडद्यावर झाडाखाली दोघांची तोंडं जवळ आली, तेव्हा तो म्हणाला, "भावाच्या डोळ्यांत कुसळ गेलं. बहीण मायेनं फुंकर घालते आहे." माणसं हळहळली. सासरा मेला, टाळ्या पडल्या.

पण शेवटचं रीळ या वेळी शाबूत होतं. पडद्यावर मांडव, सनई, आणि भाऊ-बहीण हातात माळा घेऊन समोरासमोर! दत्ताराम गडबडला.

"आणि... आणि त्याच वेळी लढाईवरचा नवरा परत आला! अगदी भावासारखाच दिसणारा! ती माळ घेऊन त्याला सामोरी गेली."

"आन भाव कुटं गेला?" कोंडाजीनं विचारलं.

"घोडा बांधायला गेला."

टाळ्यांनी तंबू हादरला. "मूळ ते मूळ!" असं म्हणत मास्तरांनी डोळे पुसले.

बाहेर कोंडाजी चपला शोधत होता, तेव्हा ठमाबाई दत्तारामजवळ आली. "शेट, कुसळ लई झ्याक होतं." आणि पुन्हा तिचे खांदे हलायला लागले. ती हसत होती.

"तुला ठाऊक होतं?"

"सगल्या बायांना ठावं होतं, अगदी पयल्यापासनं. भाव कदी भयनीकडं असा बगतो काय?"

"मग बोललं का नाही कुणी?"

"बोलून काय? भावाची गोस्ट म्हनून सासूनं धाडलं आमाला. दुसरं कायतरी हाय म्हनलं असतं त कुडपणाच्या खाली उतरू दिलं असतं काय कुनी?"

इतक्यात कोंडाजी नाक ओढत आला. "शेट, माजी भयन दासगावला दिलीय. चार सालं झाली, गेलो नाय. उद्याच जातो."

"जावा," ठमाबाई चटकन म्हणाली. "मी हितंच भाचीकडं, शकूकडं ऱ्हाते."

एकटा कोंडाजीच नव्हे, ज्याला त्याला बहीण आठवली होती. कोण वरंधला गेला, कोण माणगावला. यज्ञेश्वर मास्तरसुद्धा शाळेला दांडी मारून थोरल्या बहिणीकडे निघाले. दुसऱ्या संध्याकाळी तंबूत पुरुष औषधालाही सापडेना. सगळ्या बाया पाय पसरून ऐसपैस बसल्या होत्या.

मॅनेजरनं भीतभीत दत्तारामला हात दाखवून पुढे बोलावलं.

"नको!" ठमाबाई ओरडली. "शेट, तुमी बसा आज. आवाज लावा ओ! गानं ऐकायचं हाय आमाला!"

दत्ताराम मागच्या रांगेत जाऊन बसला. कर्णा खरखरला, तो देखणा गडी खिडकीतून चढला, आणि दत्तारामनं मान पुढे काढून कान टवकारले. तो गडी तिला खरं काय म्हणाला, हे त्यालाही आज पहिल्यांदाच नीट कळणार होतं.